मानदुखी आणि सुया : गुण आला, की मे महिना आला?

खडूफळा (नोव्हेंबर)

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते, बावीस वर्षं. मान दुखते त्यातली शेवटची आठ-नऊ वर्षं. एरवी कुरकुर असते, पण दहावीच्या पेपरांचे गठ्ठे घरी आले की मान आखडते, उजवा खांदा दगड होतो आणि रिक्षात बसल्यावर मागून येणारी गाडी बघायची तर अख्खं अंग वळवावं लागतं. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून 'वयाप्रमाणे झीज' असं सांगितलं. गोळ्या, कॉलर, फिजिओ सगळं झालं.

गेल्या एप्रिलमध्ये तर उशीवर डोकं टेकवणंही जमेना. नणंदेच्या सांगण्यावरून अ‍ॅक्युपंक्चर सुरू केलं. एप्रिलअखेरपासून दहा वेळा गेले. मे संपेपर्यंत मान मोकळी! स्टाफरूममध्ये मी इतकं कौतुक केलं की दोन जणींनी नंबर लावले.

परवा आमचे विज्ञानाचे सर शांतपणे म्हणाले, "बाई, तुमची मान दर वर्षी मे महिन्यात बरी होतेच की."

आधी राग आला. घरी येऊन मेडिकलची जुनी बिलं काढली. सर खरं बोलत होते. गेली चार वर्षं मार्च-एप्रिलमध्ये गोळ्या, जूनमध्ये एकही नाही. त्यातल्या तीन वर्षांत सुई अंगाला लागलेलीही नव्हती.

तर प्रश्न असा : सुयांनी गुण आला की नाही हे कळणार कसं? कोणी नीट तपासलंय का? "माझ्या मावशीला फरक पडला" हे नको आहे, ते माझ्याकडे माझंच आहे.

निंबोणी

नको म्हणालात तरी सांगते. माझ्या आईचा गुडघा सुयांनीच दुखायचा थांबला. बरं वाटतंय ना, मग कशाला खोदत बसायचं? काही डॉक्टरांच्या हाताला गुण असतो.

तिरशिंगराव

प्लासिबो. औषधाचा नाही, नुसत्या विश्वासाचा गुण. धागा बंद करा.

शेफील्डचा पाऊस

तिरशिंगराव, थांबा जरा, एवढ्यात मिटणारं नाही हे. मी इंग्लंडात फिजिओ आहे, माना हाच माझा धंदा. खडूफळाताई, तुम्ही विचारलंय नेमकं तेच तपासणारी एक मोठी चाचणी इथे झाली. यॉर्क विद्यापीठाच्या ह्यू मॅकफर्सन यांच्या गटाने केली, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. नाव अ‍ॅटलस.

किमान तीन महिने मान दुखणारे ५१७ रुग्ण घेतले. प्रत्यक्षात निम्म्या लोकांचं दुखणं सहा वर्षं किंवा त्याहून जुनं होतं, म्हणजे तुमच्यासारखेच मुरलेले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले. पहिल्या गटाला नेहमीचे उपचार, म्हणजे जे काही गोळ्या-फिजिओ चालू असेल ते. दुसऱ्याला ते सगळं आणि शिवाय अ‍ॅक्युपंक्चरची ५० मिनिटांची १२ सत्रं. तिसऱ्याला नेहमीच्या उपचारांसोबत अलेक्झांडर पद्धतीचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे २० पाठ. (ही पद्धत टास्मानियात जन्मलेल्या एका नटाची. रंगमंचावर आवाज बसायला लागला म्हणून तो आरशात बघून डोकं, मान आणि पाठ कशी धरतो ते सुधारत बसला. आपल्याकडे फारशी माहीत नाही.) दोन्हीकडे वेळ बरोबर ६०० मिनिटं, हे मला आवडलं. नाहीतर कोणी जास्त वेळ दिला म्हणून बरं वाटलं हा वाद राहतो.

एक वर्षाने मोजलं तेव्हा सुयांच्या गटाचं दुखणं सुरुवातीच्या मानाने ३२ टक्के कमी, अलेक्झांडरवाल्यांचं ३१ टक्के. रुग्णाला जाणवेल असा फरक म्हणायला त्यांनी २५ टक्क्यांची रेघ धरली होती, ती दोघांनी ओलांडली. उपचारांमुळे झालेला गंभीर अपाय एकही नाही. सत्रं संपून सहा-सात महिने झाल्यावरही परिणाम टिकून होता, मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. माझ्याकडे येणाऱ्यांचा गुण पुष्कळदा दाराबाहेर पडेपर्यंतच टिकतो, खोटं कशाला बोलू.

खडूफळा

अरे वा! म्हणजे सर हरले?

गणिताचा तास

बाई, सरांना एवढ्यात पेढे मागू नका.

३२ टक्के हा आकडा 'आधीपेक्षा' आहे. तुमचा मे महिनाही आधीपेक्षाच असतो. विचारायचं असतं ते 'सुया न घेणाऱ्यांपेक्षा किती'. त्या चाचणीत दुखणं मोजायला नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली होती, तिचे गुण शंभरात धरायचे, जितके जास्त तितकी मान वाईट. सुरुवातीला लोक सरासरी चाळिशीच्या आसपास होते. वर्षाने सुयांचा गट आणि नेहमीच्या उपचारांचा गट यांच्यातलं अंतर होतं ३.९२ गुण. बाकी सगळी उतरण दोन्ही गटांना सारखीच मिळाली. काही न करता मिळाली म्हणत नाही, पण सुयांशिवाय मिळाली.

ही उतरण येते कुठून? माणूस डॉक्टरकडे जातो कधी? मान सगळ्यात जास्त दुखते तेव्हा. दुखणं वर-खाली होणारं असेल तर शिखरावरून पुढची वाट उताराचीच असते. त्या दिवशी सुई घ्या, लेप लावा नाहीतर मारुतीला तेल वाहा, श्रेय त्याला जातं. वर्गात पहिल्या चाचणीत सगळ्यात कमी गुण मिळालेली दहा मुलं घ्या, त्यांना रोज एक बदाम द्या आणि दुसरी चाचणी घ्या. बदाम काम करतात असंच दिसेल.

म्हणून तर चिठ्ठ्या टाकून गट पाडायचे. उतार दोघांनाही मिळतो, वजाबाकीत निघून जातो आणि उरतं ते उपचाराचं. इथे उरले चार गुण. शून्य नाहीत. पण ३२ टक्के ऐकून जे चित्र उभं राहतं ते हे नाही.

तिरशिंगराव

आणि त्या चारात प्लासिबो किती ते विचारा. ज्यांना सुया मिळाल्या त्यांना माहीत होतं की मिळाल्या. ज्यांना नाही मिळाल्या ते वर्षभर खट्टू होऊन फॉर्म भरत होते. खोट्या सुयांचा गट होता का? नव्हता. शिवाय मॅकफर्सन स्वतःच अ‍ॅक्युपंक्चरवाले.

शेफील्डचा पाऊस

स्वतः अ‍ॅक्युपंक्चरवाले हे खरं, त्यांनी यॉर्कमध्ये त्याचं कॉलेजही काढलंय. पण चिठ्ठीत कोणाचं नाव कुठे निघावं हे त्यांच्या हातात नव्हतं. खोटा गट नव्हता, तोही मुद्दा खरा. त्यांचा प्रश्नच वेगळा होता. डॉक्टरने रुग्णाला हे सुचवलं तर त्या रुग्णाचं भलं होतं का, एवढंच त्यांना बघायचं होतं. सुई नेमकी कशामुळे काम करते हा प्रश्न त्यांनी घेतलाच नव्हता.

दुसरा प्रश्न मानेसाठीच साउदॅम्प्टनच्या लोकांनी २००४ मध्ये घेतला. १३५ रुग्ण, चार आठवड्यांत आठ सत्रं. निम्म्यांना खऱ्या सुया, निम्म्यांना विजेचं मशीन लावलं, पण मशीनमधून वीज येतच नव्हती. दिवे लागायचे, वायरी चिकटवलेल्या, सगळा थाट. दोन्ही गट भरपूर सुधारले. खऱ्या सुयांचं पारडं थोडं जड, १०० मिलिमीटरच्या पट्टीवर सुमारे ६ मिलिमीटर. संख्याशास्त्राच्या हिशेबात फरक खरा, पण रुग्णाला कळेल इतका मोठा नाही, असं त्यांनीच लिहिलं.

सुईदोरा

मी कोल्हापुरात अ‍ॅक्युपंक्चर करतो, १७ वर्षं झाली. आता माझं पण ऐका.

एक तर तुम्ही 'खोटी सुई' म्हणता ती खोटी नसतेच. १९९८ मध्ये हायडेलबर्गच्या श्ट्राइटबर्गर यांनी एक सुई काढली, टोक बोथट, दाबली की दांड्यातच आत सरकते, सर्कशीतल्या तलवारीसारखी. रुग्णाला टोचल्यासारखंच वाटतं. पण कातडीवर दाब पडतोच की! काही चाचण्यांत तर खोटी म्हणून खरीच सुई वरवर, बिंदूपासून बाजूला टोचतात. अहो, साखरेच्या गोळीची गोष्ट निराळी आणि अंगात सुई खुपसायची गोष्ट निराळी. त्याच्याशी तुलना करून 'फरक थोडा' म्हणायचं, हे बरोबर नाही.

दुसरं, मी रुग्णाला विचारतो, झोप कशी, पोट कसं, काम काय. मानेसाठी मानेच्या मागे, कवटीच्या खालच्या खळग्यातला फेंगची हा बिंदू घेतो, हातावरचा हेगू घेतो, पण सगळ्यांना तेच नाही. सुई फिरवल्यावर एक जडपणा, झिणझिण्या येतात, त्याला आम्ही 'दे ची' म्हणतो. ते आलं नाही तर मी जागा बदलतो. हे सगळं चाचणीच्या चौकटीत कसं बसवणार?

तिरशिंगराव

बसवलंय, डॉक्टर. जर्मनीत. मानेचं नाही, कंबरेचं, पण बघा. ११६२ रुग्ण, निकाल २००७ चा. पारंपरिक पद्धतीच्या सुया : ४७.६ टक्के लोकांना फायदा. चुकीच्या जागी, वरवर टोचलेल्या सुया : ४४.२. गोळ्या-व्यायाम : २७.४. म्हणजे बिंदू चुकला तरी फरक तीन टक्क्यांचा. मग सतरा वर्षं बिंदू पाठ करून काय मिळवलंत?

सुईदोरा

आणि गोळ्यांपेक्षा वीस टक्के जास्त लोकांना गुण आला, ते नाही दिसलं तुम्हाला?

गणिताचा तास

दोघंही एकाच तक्त्यातून आपापल्या आवडीची ओळ वाचताय. दोन्ही ओळी खऱ्या आहेत. 'सुया टोचून घेतल्याने बरं वाटतं का' याचं उत्तर त्यात हो आहे. 'या बिंदूवर टोचलं म्हणूनच बरं वाटतं का' याचं उत्तर जवळपास नाही. गंमत म्हणजे जर्मनीने हाच तक्ता वाचून २००७ पासून जुनी कंबरदुखी आणि गुडघ्याची झीज यांसाठी सुयांचा खर्च सरकारी विम्यात घेतला. मानदुखी मात्र त्यात घेतली नाही.

शेफील्डचा पाऊस

आणि आमच्याकडच्या नाइसने, म्हणजे कोणते उपचार द्यावेत ते सांगणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी सुया देऊ नका म्हणून सांगितलं. मग २०२१ मध्ये, ज्याचं दुसरं कारण सापडत नाही अशा जुन्या दुखण्यासाठी अ‍ॅक्युपंक्चरचा एखादा कोर्स करून बघायला हरकत नाही, पण एकूण पाच तासांच्या वर नको, असं सांगितलं. आमच्या दवाखान्यात दोन्ही कागद एकाच फळ्यावर टाचणीने लावलेत. टाचणीनेच.

सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी

चर्चा वाचतोय. अ‍ॅक्युपंक्चर भारतात आणलं ते आमच्या सोलापूरच्या डॉ. कोटणिसांनी, हे कोणीच लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटलं.

गणिताचा तास

काका, नमस्कार. कोटणीस सोलापूरचे, १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात होते, हे सगळं बरोबर. पण ते शल्यचिकित्सक म्हणून युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करत होते आणि १९४२ मध्ये तिकडेच वारले. अ‍ॅक्युपंक्चर आणलं ते त्याच पथकातल्या डॉ. बिजॉयकुमार बसूंनी. ते पुन्हा चीनला जाऊन शिकून आले आणि १९५९ मध्ये कोलकात्यात सुरू केलं.

सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी

असं होय. पण पथक तेच ना? मग अर्धं श्रेय सोलापूरला.

निंबोणी

हे सगळं ठीक, पण धोका काय? खडूफळाताई तर परत जाणारच आहेत, मला माहितीये.

शेफील्डचा पाऊस

जर्मनीत २,२९,२३० रुग्णांची नोंद ठेवली होती. ८.६ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला. बहुतेक रक्ताचा थेंब किंवा निळा डाग, काहींना टोचल्या जागी दुखलं. दोघांच्या फुप्फुसाला भोक पडून छातीत हवा भरली. मानेसाठी हे लक्षात ठेवायचं, कारण खांद्याच्या वरच्या मांसल भागातल्या लोकप्रिय बिंदूच्या बरोबर खाली फुप्फुसाचं टोक असतं. सरळ खोल टोचणाऱ्याकडे जाऊ नका. सुया पाकिटातून तुमच्यासमोर काढलेल्या, एकदाच वापरायच्या. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी वेगळी परिषद आहे, तिथली नोंदणी विचारा, लाजू नका.

आणि हाताची पकड ढिली पडली, बटण लावता येईना, चालताना तोल जातोय, लघवीवर ताबा राहत नाही, ताप येतोय, वजन उतरतंय किंवा पडल्या-आपटल्यावर दुखायला लागलंय, तर सुया नकोत आणि फिजिओही नको. सरळ डॉक्टर गाठा.

सुईदोरा

याला पूर्ण अनुमोदन. माझ्याकडे असे दोघं आले होते, मी हात न लावता पुढे पाठवले.

खडूफळा

निंबोणी, ओळखलंस गं. जाणार आहे. पण या वेळी शहाणपणाने. गणिताचे सर, मला एकटीला माझ्यावर चाचणी करता येईल का? एक महिना सुया, एक महिना नाही, असं?

गणिताचा तास

डोकेदुखीच्या गोळीची करता येते, गोळी संध्याकाळपर्यंत उतरते. सुयांचा परिणाम असलाच तर तो महिनोनमहिने रेंगाळतो, वर आलंय ते. मग 'नाही'च्या महिन्यात 'आहे'चा महिना सांडतो.

पण तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी कोणाकडे नसते, तुमच्या दुखण्याला वेळापत्रक आहे. एप्रिलमध्ये सुया सुरू केल्या तर वारा पाठीमागून. जानेवारीत सुरू करा. मार्चमध्ये दुखणं वाढायलाच हवं. ते वाढलं नाही तर काहीतरी बोलता येईल.

आजपासून रोज रात्री झोपताना शून्य ते दहा एक आकडा वहीत. मागचं पान बघायचं नाही. डिसेंबर नुसता आकडा, सुई नाही. बाकी काही बदलायचं नाही. उशीसुद्धा नाही.

तिरशिंगराव

उशीवरून आठवलं, मला घडी केलेला टॉवेल मानेखाली घेऊन फरक पडला.

निंबोणी

आम्ही सावरीची उशी घेतली, छान आहे.

सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी

सोलापुरी टॉवेलच घ्यावा.

सुईदोरा

तिरशिंगराव, टॉवेलची चाचणी झालीय का हो? खोट्या टॉवेलबरोबर?

खडूफळा (मार्च)

वही चालू आहे. डिसेंबरची सरासरी ३.२. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून सुया, आतापर्यंत नऊ झाल्या. ज्यांच्याकडे जाते त्यांना वहीबद्दल सांगितलं नाही, नाहीतर मी घरी जाऊन काय लिहिते याची त्यांना काळजी आणि त्यांना काय वाटेल याची मला. पहिला गठ्ठा परवा आला.

खडूफळा (मे)

संपलं. सगळे पेपर नियामकांकडे गेले. आकडे :

सुयांआधीचा डिसेंबर ३.२. जानेवारी-फेब्रुवारी २.६. पेपर तपासणीचे सतरा दिवस ४.४. त्यातला सगळ्यात वाईट दिवस ७. एकदाही उठताना उशी पकडून रडायची वेळ आली नाही. गेल्या वर्षीचे दिवस मी नऊ-दहाचे म्हणेन.

गणिताचा तास

'म्हणेन' तिथेच गोची आहे. गेल्या वर्षीची वही नाही. आठवणीतलं दुखणं बहुतेकदा जास्त असतं. वाईट दिवस लक्षात राहतात, बाकीचे नाही.

खडूफळा

मला वाटलंच तुम्ही असं म्हणणार. म्हणून मेडिकलची बिलं परत काढली. गेल्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये गोळ्यांच्या चार स्ट्रिप. या वर्षी दीड. बिल खोटं बोलत नाही ना?

गणिताचा तास

बाई, मानलं. हे चांगलं आहे. पेपर तेवढेच होते?

खडूफळा

थोडे कमी. गेल्या वेळी ३००, या वेळी २५०.

गणिताचा तास

हं. सहाव्या हिश्शाने कमी. त्याने चारचे दीड होणार नाहीत. आणखी काही बदललं?

खडूफळा

नाही. उशी तीच, पलंग तोच, सुया सोडून काही नाही.

म्हणजे फेब्रुवारीत मुलाने एक तिरपा डेस्क करून दिला. मी आधी जमिनीवर मांडी घालून, गठ्ठा मांडीवर घेऊन तपासायचे. त्याला बघवेना. आता पेपर जरा डोळ्यांसमोर येतो, मान तेवढी वाकत नाही.

गणिताचा तास

बाई!!

खडूफळा

तुम्ही उशी बदलायची नाही म्हणालात. डेस्कबद्दल काही बोलला नव्हतात.

तिरशिंगराव

मी या धाग्यावर इतका कधीच हसलो नव्हतो.

सुईदोरा

डेस्कने फरक पडला असेल तरी चालेल, मॅडम. माझ्या रुग्णांना मी पहिल्या दिवशी तेच सांगतो, सुया नंतर. पण कोणी सुतार गाठत नाही, सगळे माझ्याकडेच येतात.

शेफील्डचा पाऊस

ताई, पुढच्या वर्षी डेस्क ठेवून सुया सोडून बघणार का?

खडूफळा

घरी हाच वाद चालू आहे. हे म्हणतात, बरं चाललंय तर कशाला सोडतेस. विज्ञानाचे सर म्हणतात, सोडाच. बारा वेळचे सातशेप्रमाणे ८४०० झाले, डेस्कचं प्लाय साडेपाचशेचं. मी अजून ठरवलं नाही. वही मात्र चालू ठेवणार.

निंबोणी

ते ठरेल तेव्हा ठरेल. डेस्कची मापं द्या ना.

खडूफळा

रुंदी २४ इंच, खोली १६. मागची उंची ८ इंच, पुढची ३. प्लाय १२ मिलिमीटर. पुढच्या कडेला अर्ध्या इंचाची पट्टी ठोकायला विसरू नकोस, नाहीतर लाल पेन सारखं घरंगळतं आणि ते उचलायला पुन्हा मान वाकवावी लागते.